धारेत आडवं झाड: व्हाइटवॉटरमध्ये ओंडके ओळखणं, टाळणं आणि त्यातून सुटणं

रॅपिडच्या, म्हणजे नदीच्या खळाळत्या वेगवान टप्प्याच्या, मधोमध मोठा दगड असला की पाणी त्याच्यावर आपटून मागे फिरतं. दगडाच्या तोंडाशी पाण्याचा फुगवटा तयार होतो आणि बोट बरेचदा त्या फुगवट्यावरून बाजूला सरकते. चुकलं तरी नदी थोडी मदत करते. त्याच जागी झाड पडलेलं असलं की ही मदत संपते. पाणी फांद्यांमधून, मुळांच्या जाळ्यातून, खोडाखालून सरळ आरपार निघून जातं. ते मागे फिरत नाही, त्यामुळे फुगवटा होत नाही आणि बोट सरकतही नाही. ती झाडाला जाऊन चिकटते आणि मागून येणारं सगळं पाणी तिला दाबत राहतं.

पाणी पार होतं पण बोट किंवा माणूस अडकतो, अशा कुठल्याही अडथळ्याला राफ्टिंग-कयाकिंगवाले स्ट्रेनर म्हणतात. मोठमोठ्या लाटांत हसत जाणारे पट्टीचे पॅडलरही एका बारक्या आडव्या झाडासमोर मुकाट्याने काठाला लागतात, ते उगाच नाही. अमेरिकन व्हाइटवॉटर या संस्थेने १९५९ मध्ये पहिल्यांदा स्वीकारलेल्या आणि पुढे सुधारत आणलेल्या सुरक्षा संहितेत एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे: असं अडकणं वेगवान पण साध्या दिसणाऱ्या पाण्यातही होतं, तिथे सावध करायला लाटा-फेस काही नसतो. नवशिक्यांच्या सोप्या टप्प्यांवर झाडं घातक ठरतात ती यामुळेच. लक्ष रॅपिडवर असतं आणि झाड रॅपिडनंतरच्या गुळगुळीत वळणावर पडलेलं असतं.

दाबाचा हिशोब एकदा डोक्यात बसवून घ्या. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सेकंदाला दीड मीटर, म्हणजे झपझप चालण्याच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यात माणूस आडवा अडकला आणि त्याच्या अंगाचा अर्धा चौरस मीटर भाग प्रवाहासमोर आला, तर त्याच्यावर साधारण ६० किलो वजनाइतका जोर पडतो. वेग सेकंदाला ३ मीटर झाला तर हाच जोर २५० किलोच्या आसपास जातो. पाण्याने भरलेल्या बोटीचा आकार माणसाच्या कितीतरी पट, तेव्हा तिच्यावरचा जोर टनाच्या हिशोबात मोजावा लागतो. हा दाब क्षणभरही सैल होत नाही. लाट येते आणि जाते, इथे मात्र नदी सतत रेटत असते.

म्हणून या लेखातला जवळजवळ सगळा भर झाडापासून लांब असताना काय करायचं यावर आहे. झाडाला टेकल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं. तेही पुढे दिलं आहे.

झाडं कोणकोणत्या अवस्थेत भेटतात

काठावरून वाकलेलं, फांद्या पाण्याच्या जेमतेम वर किंवा पाण्याला टेकलेल्या असं झाड म्हणजे स्वीपर. ते बोट जाऊ देतं आणि बोटीतल्या माणसांना झाडून काढतं. राफ्टमध्ये कडेच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसलेल्यांना याचा सगळ्यात जास्त धोका असतो. फांदी येताना दिसली की हात आपोआप पुढे जातो आणि ती धरली जाते. धरू नका. बोट पुढे जाते, हात मागे राहतो आणि माणूस पाण्यात पडतो, नाहीतर कयाक तिथल्या तिथे उलटते. फांदीखाली वाकायचं झालंच तर पुढे, डेकवर (बोटीच्या वरच्या झाकलेल्या भागावर) वाका, म्हणजे फटका हेल्मेटला बसेल. मागे रेललात तर चेहरा आणि गळा उघडा पडतो.

पुरात वाहत आलेले ओंडके एकमेकांत गुंतून ढीग होतो तो लॉगजॅम. कधीकधी तो या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेला असतो आणि त्याखालून अख्खी नदी जाते. मुळांसकट उपटून आलेलं झाड उथळ जागी रुततं तेव्हा मुळांचा गड्डा बहुधा वरच्या अंगाला (प्रवाह जिकडून येतो तिकडे) राहतो आणि खोड खालच्या अंगाला (प्रवाह जातो तिकडे) लांबतं. लांबून असा गड्डा दगडासारखा दिसतो. दगड समजून त्याच्या मागच्या शांत पाण्यात शिरायला जाल तर तिथे खोड आणि तुटक्या फांद्या वाट बघत असतात.

सगळ्यात वाईट प्रकार पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर बुडालेल्या ओंडक्याचा. त्याच्याबद्दल पुढे खुणांमध्ये सविस्तर.

निघण्याआधी

नदीच्या अवघडपणाची श्रेणी बघून निर्धास्त होऊ नका. एक ते सहा अशा आंतरराष्ट्रीय श्रेणींत तिसऱ्या श्रेणीच्या वर्णनात ‘स्ट्रेनर असू शकतात, पण सहज टाळता येतात’ असं म्हटलेलं आहे. काल रात्रीच्या वादळात पडलेल्या झाडाने ते वर्णन वाचलेलं नसतं. श्रेणी दगड, उतार आणि पाण्यावरून ठरते. लाकूड दरवर्षी, कधी दर आठवड्याला जागा बदलतं.

विचारायचे प्रश्न असे: शेवटचा पूर कधी आला? त्यानंतर या टप्प्यावरून कोणी गेलं आहे का? वरच्या भागात वादळ, दरड किंवा वणवा झाला होता का? वणव्यात जळालेली झाडं लगेच पडत नाहीत. मुळं कुजत जातात तशी ती पुढची कित्येक वर्षं एकेक करून नदीत येत राहतात. अशा खोऱ्यात ‘गेल्या मोसमात साफ होती’ या माहितीला काही किंमत नाही.

मग पाण्याची पातळी. एकाच झाडाची तीन रूपं असतात. पाणी कमी असताना तुम्ही त्याच्याखालून आरामात जाता. पाणी भरपूर असताना ते खोल बुडालेलं असतं आणि तुम्हाला कळतही नाही. मधल्या पातळीला ते बरोबर छातीच्या उंचीवर येतं. त्यामुळे ‘मी तिथून गेलोय, काही त्रास नाही’ असं कोणी सांगितलं तर लगेच विचारा, किती पाण्याला? पाणी चढत असेल तर काठांवर पडून राहिलेलं लाकूड सुटतं आणि तुमच्यासोबत वाहू लागतं. तरंगत्या ओंडक्यांची मिरवणूक चालू असलेल्या पाण्यात उतरायचं कारण नाही. पाणी काठ ओलांडून झाडीत शिरलं असेल तर अख्खा काठच स्ट्रेनर झालेला असतो आणि नेहमीच्या थांबण्याच्या एडी (दगडामागच्या किंवा काठालगतच्या, पाणी मागे फिरतं अशा शांत जागा) झुडपांत गेलेल्या असतात. त्या दिवशी परत फिरा.

एकट्याने जाऊ नका. तीन माणसं किंवा दोन बोटी, ही अमेरिकन व्हाइटवॉटरच्या संहितेतली किमान संख्या आहे. लाकडाच्या बाबतीत तिचा अर्थ सरळ आहे: अडकलेल्याला बाहेरून मदत लागते, आणि मदत करणाऱ्यालाही कोणीतरी बघायला लागतं.

सामानात नेहमीच्या लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि शिट्टीखेरीज प्रत्येकाकडे थ्रो बॅग (पाण्यातल्या माणसाकडे फेकायच्या पिशवीत १५ ते २५ मीटर तरंगता दोर), एका हाताने काढता येईल असा चाकू आणि गटात किमान एक घडीची करवत असावी. करवत बोटीच्या तळाशी बांधून ठेवलेली असेल तर ती नसल्यातच जमा, कारण अडकते ती नेमकी बोटच. ती जॅकेटच्या खिशात बसेल अशी घ्या. अंगावर आणि बोटीवर लोंबणारं काही नको: सैल पट्टे, लूज दोर, लटकता कॅमेरा. फांदीला गुंतायला एवढं पुरतं.

स्टँड-अप पॅडलबोर्डवाल्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. समुद्रावर वापरतात तो घोट्याला बांधायचा लीश, म्हणजे बोर्डला जोडलेला दोर, नदीत बांधू नका. बोर्ड झाडाच्या एका बाजूने गेला, तुम्ही दुसऱ्या बाजूने गेलात की तो लीश तुम्हाला धारेत पाण्याखाली धरून ठेवतो आणि घोट्यापर्यंत हात पोचवणं त्या जोरात अशक्य होतं. लीश हवाच असेल तर कमरेला, एका झटक्यात सुटणारा. हवेच्या ट्यूबवर तरंगत जाणारे मित्र आपल्या ट्यूब एकमेकींना बांधतात, तेही तसंच. दोन ट्यूब झाडाच्या दोन बाजूंनी जातात आणि मधला दोर खोडावर अडकतो.

नदी झाडं कुठे ठेवते

वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरात घासतं, माती खालून पोखरली जाते आणि झाडं मुळांसकट नदीत कलंडतात. प्रवाह बोटीलाही त्याच बाहेरच्या काठाकडे ओढतो. म्हणजे झाड पडण्याची जागा आणि तुम्ही आपोआप जाऊन पोचण्याची जागा एकच. वळण दिसलं की आधीच आतल्या बाजूला लागायचं, ही सवय हाडात मुरली पाहिजे. आतल्या बाजूला पाणी उथळ आणि संथ असतं, बोट वाळूला घासते, ढकलावी लागते, वैताग येतो. चालेल.

दुसरी ठरलेली जागा बेटाचं वरचं टोक. प्रवाह दोन भागांत फुटतो आणि वाहून आलेलं लाकूड नेमकं त्या टोकाला अडकून राहतं. शेवटच्या क्षणी डावीकडे की उजवीकडे हे न ठरलेली बोटही तिथेच जाऊन थडकते. बेटाच्या बाजूची अरुंद धार बरेचदा मोहक दिसते. पण नदी जितकी अरुंद, तितकं एकच झाड तिला पूर्ण अडवायला पुरेसं. रुंद, जास्त पाण्याची धार घ्या, किंवा उतरून आधी बघून या.

पुलांचे खांब, बंधाऱ्यांच्या भिंती आणि दोन दगडांमधली चिंचोळी फट याही लाकूड साठवणाऱ्या जागा आहेत. दगडांच्या फटीत आडवा बसलेला ओंडका वरच्या बाजूने दिसत नाही, फक्त पाणी तिथून जरा वेगळं पडताना दिसतं.

पाण्यावरच्या खुणा

नदीत आडव्या सरळ रेषा क्वचितच असतात. दगडांच्या कडा, लाटा, फेस, सगळं वाकडंतिकडं. त्यात एखादी सरळ, काळपट, आडवी रेघ दिसली तर ते लाकूड समजायचं आणि थांबायचं. नंतर ती सावली निघाली तर उत्तम.

बुडालेल्या झाडाची खूण म्हणजे नाचणारी काडी. पाण्यातून बोटभर वर आलेली एक फांदी दिसते. ती हळूहळू प्रवाहाबरोबर खाली वाकते, पाण्यात जाते, क्षणभर थांबते आणि टुणकन वर येते. परत वाकते. ठरावीक तालात हे चालू राहतं. वाहत चाललेली काडी पुढे जाते, ही मात्र जागा सोडत नाही. तिच्या खाली एवढा जोर सहन करून धरून ठेवणारं काहीतरी आहे, आणि ते बहुधा मांडीएवढ्या जाडीचं खोड असतं. वर दिसतं ते फक्त टोक. अशा काडीच्या जवळूनही जाऊ नका. खोड कोणत्या बाजूला किती लांब पसरलं आहे हे वरून कळत नाही.

फांदी अजिबात वर नसेल तर पाण्याकडे नीट बघा. खोडावरून पाणी पातळ थराने जाताना पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि लगेच खालच्या अंगाला आडवी खळबळ दिसते. दगडाची खळबळ साधारण गोल असते, ओंडक्याची लांबट. आणखी एक: फेस, पालापाचोळा, तरंगत्या बाटल्या एका रेषेत साचलेल्या दिसल्या तर तिथे काहीतरी त्यांना अडवून बसलं आहे.

काठाकडेही बघा. ताजी कोसळलेली माती, पांढरी मुळं उघडी पडलेली, झाडांच्या रांगेत मध्येच पडलेली मोकळी जागा. तिथलं झाड कुठे गेलं? पाण्यावर ताज्या हिरव्या पानांचे झुबके किंवा सालीचे तुकडे वाहताना दिसले तर वर कुठेतरी नुकतंच झाड पडलं आहे आणि ते तुमच्याकडे येऊ शकतं. मागेही लक्ष ठेवा.

अंतराचं गणित

समजा धार सेकंदाला ३ मीटर वेगाने चालली आहे आणि झाड ६० मीटरवर दिसलं. तुमच्याकडे २० सेकंद आहेत. बऱ्यापैकी पॅडलर फेरी करून (बोट तिरकी धरून, वल्हवत धार आडवी ओलांडून) सेकंदाला साधारण एक मीटर आडवा सरकतो असं धरलं तर तो २० मीटर बाजूला जाऊ शकतो. भरलेली, जड राफ्ट त्याच्या निम्मी सरकेल. पाण्यात पडलेला माणूसही फार तर तेवढाच. त्यात पहिली तीन-चार सेकंदं ‘ते काय आहे?’ यात जातात, आणखी दोन सेकंदं गाइडची आज्ञा समजण्यात जातात. ३० मीटरवर झाड दिसलं तर हिशोब तुम्हीच करा.

यातून एक नियम निघतो आणि त्याला अपवाद नको: पुढची थांबायची जागा दिसत नाही तोवर हातातली थांबायची जागा सोडायची नाही. वळणापलीकडे दिसत नसेल तर वळणाआधीच्या एडीत शिरा, काठावर उतरा, चालत जाऊन बघा. कंटाळवाणं काम आहे. पाच मिनिटं चालून पुढे काहीच नसतं, असं बहुतेक वेळा होतं.

गट म्हणून उतरणं

सगळ्यात अनुभवी माणूस पुढे, दुसरा अनुभवी सगळ्यांच्या मागे. पुढचा एडीत थांबतो, खालचं बघतो, मग मागच्यांना बोलावतो. दोन बोटींत एवढं अंतर हवं की पुढची अडकली तर मागचीला थांबता येईल, पण इतकं नको की खूण दिसणार नाही. झाडाच्या आधीची शेवटची एडी लहान असेल तर एका वेळी एकच बोट तिथे येऊ द्या. दोन बोटी मावत नाहीत आणि तिसरी येऊन पहिलीला बाहेर ढकलते, हा प्रकार फार ठिकाणी बघायला मिळतो.

खुणा आधी ठरवा आणि काठावर उभे राहून एकदा करून बघा. पॅडल दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं तर थांबा. उभं धरलं तर वाट मोकळी, मधून या. त्यानंतर पॅडल कलवलं तर त्या बाजूने या. शिट्टीचे तीन लांब आवाज म्हणजे मदत हवी. हाताचं बोट नेहमी मोकळ्या बाजूकडे दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही. घाबरलेला माणूस ज्या दिशेला हात दिसतो तिकडेच जातो. ‘लाकूड आहे’ यासाठी वेगळी खूण हवी असेल तर गटाने आपली ठरवावी, पण सगळ्यांना ती माहीत आहे ना याची खात्री करून घ्यावी.

बाजूने, खालून, वरून की काठाने

बाजूने मोकळी वाट असेल तर फेरी करा. कयाकचं नाक वरच्या अंगाला, प्रवाहाशी ३० ते ४५ अंशांत, ज्या काठाकडे जायचं त्या दिशेला तिरकं, आणि दमदार वल्हवणं. राफ्टमध्ये नेहमीची रीत उलटी: नाक धोक्याकडे, मागचा भाग सुरक्षित काठाकडे तिरका, आणि उलटं वल्हवत मागे सरकायचं. धोका डोळ्यांसमोर राहतो आणि खाली वाहून जाण्याचा वेगही कमी होतो. नाक फार आडवं केलंत तर प्रवाह बोटीला फिरवतो आणि ती आडवीच झाडाकडे निघते. घाबरल्यावर बहुतेकांकडून हेच होतं.

खोडाखालून जाण्याचा मोह होतो तेव्हा निकष कडक ठेवा. खालची पूर्ण जागा, पाण्याच्या आतलीसुद्धा, काठावर उतरून बघितलेली असली पाहिजे. खोडाच्या वरच्या बाजूला जितक्या फांद्या दिसतात तितक्याच खालच्या बाजूला पाण्यात असू शकतात. पुढे धार कुठे नेते तेही बघा. एकाखालून निघून दुसऱ्यात जाण्यात अर्थ नाही.

पूर्ण बुडालेल्या, फांद्या नसलेल्या, गुळगुळीत खोडावरून वेगाने कयाक सरकवून जाता येतं. अनुभवी लोक करतात. नाक खोडावर चढून बोट अर्ध्यावर अडकली तर मागचा भाग प्रवाह खाली ओढतो, एवढं लक्षात ठेवून ठरवा. माझं मत विचाराल तर शंका असेल तिथे बोट खांद्यावर घ्यावी.

बोट उचलून नेणं, म्हणजे पोर्टेज, झाडाच्या बऱ्याच वर सुरू करा. अगदी जवळच्या एडीपर्यंत जाऊन दहा पावलं वाचवण्यात शहाणपण नाही. हेल्मेट आणि जॅकेट काढू नका. लॉगजॅमवरून चालायची वेळ आली तर वरच्या अंगाच्या कडेने अजिबात चालू नका. तिथे पाय घसरला तर थेट ढिगाखाली जाल. ओली साल उतरलेलं लाकूड साबणासारखं निसरडं असतं आणि ढिगातला एखादा ओंडका पाय पडल्यावर फिरतो. एका वेळी एकाने जावं, बाकीच्यांनी थ्रो बॅग घेऊन खालच्या अंगाला थांबावं.

आता थडकणारच, असं दिसलं तर

बोटीत असाल तर झाडाकडे झुका. शरीर आपोआप झाडापासून लांब, वरच्या अंगाला कलतं. तसं केलंत तर बोटीची वरची कड पाण्याखाली जाते, प्रवाह आत शिरतो आणि बोट क्षणात उलटून खोडाखाली दाबली जाते. झाडाकडे पूर्ण वजन टाका, खोडाला मिठी मारा, बोट कोरडी ठेवा. राफ्टमध्ये गाइड ‘हाय साइड’ ओरडतो तेव्हा सगळ्यांनी झाडाच्या बाजूच्या ट्यूबवर झेप घ्यायची असते. विचार करायला वेळ नसतो, म्हणून ही आज्ञा निघण्याआधी शांत पाण्यात दोन-तीनदा घोटून घ्या.

कयाक खोडाला टेकून स्थिर राहिली तर तिला हळूहळू मोकळ्या टोकाकडे सरकवून सुटता येतं का बघा. बोट वाकडी व्हायला किंवा भरायला लागली तर तिचा मोह सोडा आणि खोडावर चढा.

पाण्यात असाल तर

रॅपिडमध्ये पडल्यावर पाठीवर झोपायचं, पाय पुढे, बोटं पाण्यावर, असं सगळ्यांना शिकवलेलं असतं. दगडांसाठी ते बरोबर आहे. झाडासाठी ते उलटं करावं लागतं. पाय पुढे करून झाडाला लागलात तर पाय फांद्यांखाली जातात, मागून पाणी ढकलतं, गुडघे-कंबर-छाती असं क्रमाने खाली ओढलं जातं आणि डोकं शेवटी.

झाड दिसल्याबरोबर पोटावर वळा. पहिलं काम झाड टाळण्याचं. तोंड वरच्या अंगाला आणि सुरक्षित काठाकडे तिरकं ठेवून जोर लावून पोहा. बहुतेक वेळा झाडाचं बूड काठावर आणि शेंडा नदीत असतो, त्यामुळे मोकळी वाट शेंड्याच्या पलीकडून, वळणाच्या आतल्या बाजूने मिळते. पॅडल सोडा. बोट तुमच्या वरच्या अंगाला असेल तर तिच्यापासून ताबडतोब दूर व्हा. बोट आणि झाड यांच्यामध्ये सापडणं झाडात अडकण्यापेक्षाही वाईट.

टाळणं जमणार नाही हे कळलं की अर्धवट काही करू नका. झाड दोन-तीन अंगांवर राहिलं की वळा, डोकं झाडाकडे करा आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सरळ त्याच्यावर पोहत जा. पाय पृष्ठभागाजवळ ठेवून सारखे मारत राहा, ते खाली गेले की प्रवाह धरतो. जमलं तर फांद्या कमी असलेला जाड भाग निवडा. खोडाला लागताच दोन्ही हात त्याच्यावर टाकून खाली दाबा आणि स्विमिंग पूलच्या कठड्यावर चढतो तशी छाती वर घ्या, मग पोट, मग एक पाय पलीकडे. वरच्या अंगाला लटकून दम खायचा नाही. दम खोडावर चढल्यावर खायचा. वर आलात की पाय पाण्यातून काढा, घट्ट बसा, शिट्टी वाजवा.

खाली ओढले गेलातच तर मागे येण्यासाठी झगडू नका, त्या जोराविरुद्ध कोणीच येऊ शकत नाही. हातांनी फांद्या मोडत, बाजूला सारत प्रवाहाच्याच दिशेने निघायचा प्रयत्न करा. हा शेवटचा उपाय आहे, याच्यावर भिस्त ठेवून कोणी खोडाखाली सूर मारू नये.

हे वाचून येत नाही. स्विफ्टवॉटर रेस्क्यूच्या (वेगवान पाण्यातल्या बचावाच्या) प्रशिक्षणात संथ, खोल आणि खाली स्वच्छ असलेल्या धारेत एक गुळगुळीत पाइप किंवा खांब आडवा बांधतात आणि प्रत्येकाला त्याच्यावरून चढून जायला लावतात. प्रशिक्षक शेजारी उभे असतात, खालच्या अंगाला थ्रो बॅग तयार असतात, आणि खांब क्षणात सोडता येईल अशी सोय असते. पहिल्या प्रयत्नात बरेच जण खांबावर छातीपर्यंतही येत नाहीत. तिथे फांद्या नसतात आणि पाणीही हळू असतं, हे लक्षात घ्या. खऱ्या झाडावर आपापला सराव करायला जाऊ नका.

कोणी अडकलं तर

पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी व्हायला हव्यात. एकाने वरच्या अंगाला जाऊन येणाऱ्या बोटी थांबवायच्या. एकाने किंवा दोघांनी थ्रो बॅग घेऊन खालच्या अंगाला जायचं, कारण अडकलेला माणूस किंवा मदतीला गेलेला कधीही सुटून वाहू शकतो. आणि एकाने सूत्रं हातात घ्यायची, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं.

डोकं पाण्याबाहेर असेल तर घाईपेक्षा आधार महत्त्वाचा. माणूस दमतो, गारठतो आणि हळूहळू खाली घसरतो. आधी त्याचं तोंड पाण्यावर राहील अशी सोय करा: खोडावरून जाऊन जॅकेटच्या खांद्यांना धरा, किंवा दोन्ही बाजूंनी धरलेला दोर त्याच्या छातीखालून ताणून वर उचला. दोर त्याच्या अंगाला बांधायचा नाही. सुटला तर तोच दोर त्याला धारेत पाण्याखाली धरेल. मदतीला जाताना खोडावरून किंवा खालच्या अंगाने जा. वरच्या अंगाने पोहत गेलेला माणूस दुसरा अडकलेला माणूस होतो.

सोडवताना बहुधा ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने उलटं, वर आणि बाजूला, ओढल्यावर माणूस निघतो. करवत काढण्याआधी थांबून बघा, कोणत्या फांदीवर वजन आहे? चुकीची फांदी कापली तर खोड फिरतं किंवा माणूस आधार सुटून खाली जातो. आधी त्याला धरा, मग बारीक फांद्यांपासून सुरुवात करा.

डोकं पाण्याखाली असेल तर हिशोब मिनिटांचा आहे. पहिला जो उपाय सुरक्षितपणे करता येईल तो लगेच करा, जमत नाही दिसलं तर त्यावर अडून न बसता दुसरा. बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर नुसती छाती दाबून भागत नाही. बुडालेल्याला तोंडाने श्वास देणंही लागतं, त्यामुळे गटातल्या प्रत्येकाने ते शिकलेलं असावं. शुद्ध हरपली असेल किंवा पाणी छातीत गेलं असेल तर माणूस नंतर ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्या.

रिकामी बोट अडकली असेल तर आधी माणसं मोजा. सगळी सापडल्यावरच बोटीचा विचार. दोर लावून, पुली आणि प्रुसिकने (मुख्य दोराला घट्ट पकडणाऱ्या गाठीच्या दोरीने) तिप्पट जोर करून ओढता येतं, पण ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि त्याच्या कोनात कोणी उभं राहायचं नाही. निघत नसेल तर पाणी उतरेपर्यंत राहू द्या.

झाड काढायचं का

वाटेत पडलेलं प्रत्येक झाड कापून टाकावं असं वाटणं साहजिक आहे. पण नदीला लाकडाची गरज असते. ओंडक्यांमागे डोह तयार होतात, मासे सावलीला राहतात, काठ धरून राहतो. पुष्कळ ठिकाणी नदी सुधारण्यासाठी मुद्दाम झाडं आणून टाकलेली असतात आणि परवानगीशिवाय काढणं बेकायदा असतं. शिवाय वाहत्या पाण्यावर ताणाखाली असलेलं खोड चेनसॉने कापणं हे त्यातल्या जाणकारांचंच काम. कापलेला तुकडा खालच्या वळणावर जाऊन पुन्हा आडवा बसतो, ते वेगळंच.

करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे बाकीच्यांना नीट कळवणं. ‘खाली कुठेतरी झाड आहे’ याचा कोणाला उपयोग नाही. कोणत्या रॅपिडनंतर किंवा कोणत्या ओढ्याच्या संगमाखाली, नदीच्या दिशेने बघता डावीकडून की उजवीकडून, किती भाग अडला आहे, वाट कुठून मिळते, थांबायची शेवटची एडी कोणत्या बाजूला आहे, काठाने नेण्याची सोय कोणत्या काठावर आहे, तारीख काय आणि त्या दिवशी पाण्याची पातळी किती होती. फोटो काठावरून, वरच्या अंगाने येणाऱ्याला दिसेल तसा काढा. वर एक मोठं पाणी येऊन गेलं की ही नोंद रद्द समजावी, असंही त्यातच लिहून टाका.